खडूची दुसरी परीक्षा

अर्जात एक रकाना होता, 'कामाचा अनुभव'. नानांनी पेनाचं टोपण दातात धरून बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'दाराबाहेर बसणे. चौतीस वर्षे.'

नानींनी ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"अहो, असं कुणी लिहितं का? शिपाई होतो म्हणून लिहा."

"शिपाई म्हटलं की लोकांना वाटतं बंदूक असेल. मी जे केलं ते लिहिलंय."

अर्ज कुत्र्याचा होता. विकत घ्यायचा नव्हे, सांभाळायचा. शहराच्या टोकाला एक केंद्र होतं, तिथं मदतनीस कुत्री तयार करत. कुणाला दिसत नाही, कुणाचे पाय चालत नाहीत, अशांच्या हाताखाली ही कुत्री कामाला लागतात. पडलेलं उचलून देतात, खण उघडतात, दिवा लावतात. पण त्याआधी पिल्लाला चार माणसांत वावरायची रीत यावी लागते, आणि ती शिकवायला केंद्र एकेक पिल्लू वर्षभर एकेका घरी ठेवतं. खाणं केंद्राचं, डॉक्टर केंद्राचा. घरानं द्यायचा तो फक्त वेळ. नानांकडे नोकरी सुटल्यापासून वेळ एवढा झाला होता की तो घरभर सांडलेला असे आणि नानींच्या पायात येई.

तरी नानी म्हणाल्याच, "साठी बुद्धी नाठी ऐकलं होतं. तुमची पासष्टीला नाठी झाली. उशिरा झाली, पण झाली."

आठ दिवसांनी केंद्रातल्या ताई घर बघायला आल्या. आखूड केस, खिशात कुत्र्याचा खाऊ, बाहीला कुत्र्याचेच केस. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "दाराबाहेर बसून काय करायचात?"

"काही नाही. बसायचो. कुणाला दिसायचं नाही, कुणाच्या मध्ये यायचं नाही, आणि हाक मारली की तिथं असायचं."

ताईंनी कागद घडी करून पिशवीत टाकला. "नाना, पिल्लाला नेमकं हेच शिकवायचंय."

अशा रीतीनं पिल्लू घरात आलं. पांढरट रंगाचं, कान मऊ, पाय अंगापेक्षा मोठे. नाव दोन अक्षरी असावं, हाक मारताना जीभ अडखळू नये, असं केंद्राचं सांगणं.

"साहेब ठेवा," नानी म्हणाल्या. "तुम्हाला सवय आहे."

नानांनी ते मनावर घेतलं नाही. पण दोन दिवसांत त्यांच्या काळ्या विजारीवर, नानींच्या काळ्या पर्सवर, दाराच्या पायपुसण्यावर, जिथं जिथं पिल्लू टेकलं तिथं तिथं पांढरी रेघ उमटली, आणि नानींच्या तोंडून आपोआपच निघालं, "खडू मेला!" नाव पडलं. 'मेला' तेवढा मागून गळला.

पहिले चार महिने खडूनं घराची शाळा केली. खुर्चीचा एक पाय कुरतडला, मग बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून तेही कुरतडले. नानांनी आवाज चढवला नाही. साहेबांच्या हाताखाली आयुष्य काढलेल्या माणसाला आवाज चढवायची सवयच नसते. खडू चुकला की ते गप्प बसत आणि बरोबर वागला की बिस्किटाचा नखाएवढा तुकडा देत. नानी म्हणत, "एवढ्याशा तुकड्यासाठी कोण ऐकेल?" पण खडू ऐके. नखाएवढा मान मिळाला तरी जीव टाकून राबणारे असतात, त्यातलाच तो.

मग बाहेरची शाळा सुरू झाली. खडूच्या पाठीवर निळं जाकीट चढलं, त्यावर अक्षरं होती, 'मी शिकतो आहे, मला हात लावू नका'. लोक ती अक्षरं मोठ्यानं वाचत आणि मग हात लावत. औषधाच्या दुकानात पहारेकरी आडवा आला.

"कुत्रं आत नाही न्यायचं."

"हे कुत्रं नाही," नाना म्हणाले. "नोकरीला लागलंय. उमेदवारी चालू आहे."

पहारेकऱ्यानं जाकीट वाचलं, खडूकडे पाहिलं. त्याची स्वतःची नोकरीही अजून पक्की झालेली नव्हती. त्यानं वाट दिली.

सरकत्या काचेच्या दाराला खडू आधी घाबरला, मग त्याच्या प्रेमात पडला. बसमध्ये पहिल्या दिवशी त्यानं एका बाईंच्या पिशवीतून अख्खा पाव उचलला आणि तो नानांच्या पायाशी आणून ठेवला. वस्तू उचलून द्यायला ताई आठवड्यातून दोन दिवस केंद्रात शिकवत, तिथलं ज्ञान त्यानं इथं लावलं. वाचनालयात तो घोरला. नाना त्याला रोज कुठंतरी घेऊन बसत. दवाखान्यात, बसथांब्यावर, पोस्टात, न्हाव्याकडे. केस नसताना न्हाव्याकडे जाणारा हा पहिलाच माणूस, असं न्हावी म्हणे. हळूहळू खडू पडून राहायला शिकला. शेजारी भाकरतुकडा पडला तरी डोळा उचलायचा, मान नाही. ताई बघून गेल्या आणि म्हणाल्या, "नाना, असं पोर मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही."

खडू वर्षाचा झाला तेव्हा त्याचं स्थळ ठरलं. एक शिंपीण होती. चाळिशीच्या आतली. मोठ्या आजारात कंबरेखालचं सगळं गेलं, तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान, कपडे लहानमोठे करून द्यायचं. कुत्र्यासाठी अडीच वर्षं ती यादीत होती. केंद्रात तिची नि खडूची गाठ घातली. तिनं दोऱ्याचं रीळ खाली टाकलं, खडूनं उचलून तिच्या मांडीवर ठेवलं, चांगलं लाळेनं माखून.

"बरं झालं," शिंपीण म्हणाली. "दोरा ओला असला की सुईत लवकर जातो."

मग ती नानांकडे वळली. "तो पडून राहतो ना? माझं दुकान म्हणजे नुसतं दार आहे. गिऱ्हाईक आलं, गिऱ्हाईक गेलं. याची दोरी माझ्या खुर्चीला बांधलेली असणार, इस्त्री हाताशी गरम. हा दर वेळी उठला तर खुर्ची हलणार आणि इस्त्री माझ्या मांडीवर. मला मांडीला भाजलेलं समजत नाही हो. संध्याकाळी दिसतं तेव्हा समजतं."

हे तिनं कंबरेचं माप सांगावं तशा आवाजात सांगितलं. एकदा तसं झालेलं होतं, हे तिनं सांगितलं नाही, ताईंनी सांगितलं.

"राहतो," नाना म्हणाले. "पडून राहणं हेच तर त्याचं मुख्य."

पहिली परीक्षा बँकेत झाली. परीक्षकबाई उंच, हडकुळ्या, हातात पाटीला लावलेला कागद. अर्धा तास खडूनं नानांच्या खुर्चीखाली पडून राहायचं. बाईंनी किल्ल्यांचा जुडगा आपटला, खडू ढिम्म. कानाशी चेंडू घरंगळला, ढिम्म. नाकापासून वीतभर पावाचा तुकडा टाकला, खडूनं डोळे मिटून घेतले. पण बँकेचं दार उघडलं आणि तो उभा राहिला. नानांनी खूण केली, पडला. दार उघडलं, पुन्हा उभा. अर्ध्या तासात अकरा वेळा.

"याला पडून राहायला सांगितलंय," परीक्षकबाई म्हणाल्या, "आणि हा हजेरी देतोय." त्यांनी कागदावर रेघ मारली. सहा आठवड्यांनी दुसरी परीक्षा. तिसरी नसते. दुसरीत नापास झालेला कुत्रा कामाला लागत नाही, कुणाच्यातरी घरी नुसता पाळीव म्हणून जातो. शिंपीण पुन्हा यादीत. पुढचं पिल्लू तयार व्हायला दीड वर्ष.

त्या दिवशी जेवताना नानी सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "नापास झाला तर आधी सांभाळणाऱ्यालाच विचारतात म्हणे. आपल्याकडेच राहील."

नानांनी घास खाली ठेवला. "आणि ती बाई यादीत ताटकळत असताना मी रोज त्याचं तोंड बघू?"

नानींनी विषय बदलला. पण खडूच्या ताटलीत त्या दिवशी थोडं जास्त पडलं.

घोडं कुठं पेंड खातंय ते ताईंनाही कळेना. त्यांच्याबरोबर खडू दाराकडे बघतसुद्धा नसे. नानींबरोबर दवाखान्यात नेऊन बसवला, तिथंही ठीक. नाना बरोबर असले की मात्र दार उघडायचा अवकाश. तिसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात नानांच्या समोरच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी मोबाइल गुडघ्यावर उभा धरून ठेवला. तासाभरानं नानांना बाहेर नेऊन मोबाइल दाखवला.

"हे पाय कुणाचे?"

"माझेच. चपला माझ्या आहेत."

"आता बघा."

मोबाइलात दार उघडलं. पाय मागे गेले, टाचा खुर्चीखाली. उजवा हात गुडघ्यावर. नाना खुर्चीवरून चार बोटं वर उठले, मान जराशी लवली, आणि परत बसले. खालून खडू वर बघत होता. दाराकडे नाही, नानांकडे. तो उठला. पुढं पुन्हा दार, पुन्हा टाचा, पुन्हा चार बोटं, पुन्हा खडू. एकदा तर दार वाऱ्यानं उघडलं होतं. तरी दोघं उठले.

नानांनी ते तीनदा पाहिलं.

"मला वाटत होतं मी बसलोय," ते म्हणाले.

घरी सांगितलं तेव्हा नानी ओट्याला धरून हसल्या. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं मी या दारातून आतबाहेर करतेय. माझ्यासाठी कधी चार बोटं हललात?"

"तू घरचीच."

"म्हणजे घरचं असलं की दगड."

नानांकडे उत्तर होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ते त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, चोवीस-पंचवीस वयात, एका दुपारी कार्यालयाचं दार उघडून एक म्हातारा आत आला होता. पायात रबरी चपला, हातात छत्री, शर्टाची कॉलर विरलेली. नाना बसूनच म्हणाले, "काय काम आहे?" म्हातारा सगळ्यांच्या वरचा साहेब निघाला. रजेवर होता, सहज डोकावला होता. तो काही बोलला नाही. बोलले मधले साहेब. नानांना सात महिने तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत टाकलं. तिथं खिडकी नव्हती आणि दारही कुणी उघडत नसे. वर परत आणल्यावर नानांनी मनाशी ठरवलं की माणूस बघून उठायला गेलं तर चूक होते, दार बघून उठलं की होत नाही. मग फेरीवाला येवो, मांजर येवो, नाना उभे. पाच-सहा वर्षांनी ठरवलेलं विसरून गेलं, उठणं तेवढं राहिलं. बाकीचे शिपाई त्यांना हसत. एका साहेबानं निरोपाच्या भाषणात मात्र म्हटलं होतं, "यांच्यासारखा तत्पर माणूस नाही." नानांना ते पाठ होतं.

हे सगळं त्यांनी नानींना सांगितलं. नानी ऐकून घेऊन म्हणाल्या, "विरलेला पदर घेऊन मीही दारातून येतच होते. पण मला तळघरात टाकायचे अधिकार नव्हते." मग त्या उठून चहा करायला गेल्या, आणि त्या दिवशी पुढं काही टोचून बोलल्या नाहीत.

आता कुत्र्याला शिकवायचं तर आधी नानांना शिकवणं आलं. नानींनी ते अंगावर घेतलं. नानांचे जुने कचेरीचे जोडे त्यांनी पायात चढवले. दोन आकडे मोठे. मग व्हरांड्यात जाऊन टाका टाका आवाज करत दार उघडून आत आल्या. नाना मजेत बसून राहिले. खडूही.

"अगं, तू आहेस हे मला माहीत आहे. जोड्यांत पाय घातले म्हणून तू साहेब होत नाहीस."

"तोंड मिटून बसा. साहेबाशी बोलायची ही रीत?"

चौथ्या दिवशी नानांनी स्वतःच युक्ती काढली. पिठाचा मोठा डबा मांडीवर घेऊन बसायचं, म्हणजे उठताच येणार नाही. नानींनी न सांगता मागच्या बाजूनं जाऊन पुढचं दार उघडलं आणि घसा खाकरला. नाना उभे. डबा खाली. पीठ खोलीभर. खडू शिंकत शिंकत नानांच्या शेजारी उभा, नावाला जागलेला.

नानी दारातच थांबल्या. "कुत्र्याचं शेपूट नळीत घालतात असं ऐकून होते. इथं नवरा घालायची पाळी आलीय."

दोन आठवडे असेच गेले. नानांच्या गुडघ्यावर दोरी बांधून झाली, डोळ्यांवर पट्टी बांधून झाली. पट्टी बांधली तर ते आवाजावर उठत. झोपेतही दार कुरकुरलं की त्यांचे पाय हलत, असं नानींचं म्हणणं. जित्याची खोड.

शेवटी ताई आल्या. त्यांनी पिठानं भरलेल्या जमिनीच्या फटी पाहिल्या. म्हणाल्या, "नाना, तुमची चौतीस वर्षं चार आठवड्यांत निघायची नाहीत. सुंभ जळला तरी पीळ राहतो, राहू दे. खडूचं वय चौदा महिने आहे. आपण त्याला सांगू."

"काय सांगू?"

"की तुम्ही उठलात म्हणजे त्यानं उठायचं असं नाही. तुमचं तुमच्यापाशी."

तेव्हापासून रोज सकाळी नाना मुद्दाम उठायला लागले. खडूला पडून राहायची खूण करायची. मग उठायचं. खडू उठला तर काही नाही, गप्प. पडून राहिला तर नखाएवढं बिस्किट. पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं. सकाळी चाळीस वेळा, संध्याकाळी वीस. आधी नुसतं, मग दार उघडून, मग दवाखान्यात, पोस्टात, वाचनालयात. वाचनालयातल्या बाईंना वाटलं नानांना मूळव्याध आहे. त्यांनी एक उशी आणून दिली.

खडू पहिले चार दिवस गोंधळला. इतके दिवस जे दोघं मिळून करत होते ते आता एकट्यानंच का, असं त्याच्या डोळ्यांत दिसे. मग त्याला हिशेब कळला. नाना उठत, तो हनुवटी पंजावर ठेवून बघत राही. चांगला मोठा सुस्कारा सोडी. नानी म्हणत, "बघा, त्यालासुद्धा कंटाळा आला तुमच्या अदबीचा."

नानांना बिस्किट देताना बरं वाटे आणि नाहीही वाटे. जे करण्याबद्दल आयुष्यात एकदाच कौतुक झालं होतं, ते न करण्याबद्दल ते रोज साठ वेळा दुसऱ्याचं कौतुक करत होते. पण ते कामाचे पक्के. एकही वेळ त्यांनी चुकवली नाही.

दुसरी परीक्षा दाखले देण्याच्या कार्यालयात होती. मोठी बसायची खोली, तीन खिडक्या, बाजूला अधिकाऱ्यांच्या खोलीचं लाकडी दार. परीक्षकबाई त्याच, पाटी तीच. सांगितलं ते एवढंच की कुत्र्याशी बोलायचं नाही, दोरी ओढायची नाही, खाऊ द्यायचा नाही.

नानांनी मनाशी ठरवलं होतं की आज आपण उठायचंच नाही. खडूवर कशाला भार? दोन्ही तळहात त्यांनी मांडीखाली घेतले, त्यावर बसले, दोरीचा फास मनगटात. समोरच्या भिंतीवर सूचना फलक होता आणि त्याच्याशेजारी ताई. नाना फलकातली एकच ओळ वाचत राहिले.

दार उघडलं. नाना बसलेले. पुन्हा उघडलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण बसलेले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. हाताला मुंग्या आल्या म्हणून त्यांनी हात काढून घेतले आणि दोरी नुसती बोटांत धरली. सहाव्यांदा दार उघडलं तेव्हा चार बोटांऐवजी एकच बोट उठले असतील. खडू खाली पसरलेला, पोट वरखाली होत होतं. पंचवीस मिनिटं झाली.

आणि मग दार उघडलं नाही. घंटी वाजली.

टेबलावर तळवा मारून वाजवतात ती घंटी, अधिकाऱ्यांच्या खोलीतली. एकदा वाजली, आणि लगेच दुसऱ्यांदा. म्हणजे पहिल्या घंटीला कुणी आलं नव्हतं.

मधलं नानांना नंतर नीट सांगता आलं नाही. पाहिलं ते बाकीच्यांनी. नाना ताडकन उठले, हातातली दोरी सुटली, आणि लाकडी दार हलकेच ढकलून ते आत गेले. आत एक तरुण अधिकारी बसली होती, नानांची मुलगी शोभावी अशी, मान खाली घालून सह्या करत होती. तिनं वर पाहिलंच नाही.

"पाणी द्या. आणि पंखा जरा कमी करा."

नानांनी पंखा एका खुणेनं कमी केला, कागद उडणार नाहीत इतपत. पेला उचलला, बाहेर येऊन कोपऱ्यातल्या नळावर विसळला, भरला, बुड रुमालानं पुसलं, आत नेला, आणि कागदांपासून वीतभर लांब, उजव्या हाताशी ठेवला.

"आणखी काही?"

"नको."

ते पाठ न दाखवता बाहेर आले आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. दाराशी त्या कार्यालयाचा खरा शिपाई उभा होता, दोन्ही हातांत फायली.

"तुम्ही नवीन का?" त्यानं विचारलं.

तेव्हा नानांना आपण कुठं आहोत ते समजलं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी. खुर्चीखाली खडू, हनुवटी पंजांवर. दोरी जमिनीवर सरळ पडलेली. एक गृहस्थ त्याला ओलांडून खिडकीशी गेले, त्यांच्या चपलेचा शेपटीला ओझरता स्पर्श झाला, खडूनं शेपटी जवळ ओढून घेतली. नाना दिसले तशी ती एकदा जमिनीवर आपटली. उठला नाही.

नाना परीक्षकबाईंसमोर जाऊन उभे राहिले. खरे उभे.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "कुत्र्याचं काही नाही. त्याच्या नावावर मांडू नका."

बाई घड्याळ बघत होत्या. "चार मिनिटं दहा सेकंद," त्यांनी कागदावर लिहिलं. "पुढचा भाग होता, सांभाळणारा दिसेनासा झाला तरी दोन मिनिटं जागेवर. तो मी अजून सांगितलाच नव्हता." मग चष्म्यावरून नानांकडे बघत म्हणाल्या, "तुमची परीक्षा नव्हती, आजोबा. तुमची असती तर सांगता आलं नसतं."

ताई फलकाकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

घरी आल्यावर नानींनी सगळं दोनदा सांगायला लावलं. "आणि पाण्याचा पेलासुद्धा विसळलात?" त्या म्हणाल्या. "मला तर कधी न विसळलेलाही मिळाला नाही." खडूला त्यांनी अख्खं बिस्किट दिलं आणि मग आत जाऊन त्याच्या अंथरुणाचं फडकं धुवायला टाकलं. ते धुवायला टाकायची आता गरज नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात खडूला पोचवायला तिघं गेले, ताई, नाना, नानी. शिंपिणीची खोली लहान, पण वस्तू जिथल्या तिथं. कापायच्या टेबलाखाली खडूसाठी चटई घातलेली. दोरी खुर्चीच्या दांड्याला बांधली, इस्त्री उजव्या हाताशी. नानी सूचना करत सुटल्या. याला पाणी थंड लागतं, कान ओले राहिले तर खाजवतो, लिंबाचा वास आवडत नाही. शिंपीण सुई चालवता चालवता "हो", "बरं", "लक्षात ठेवते" म्हणत होती. नाना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. कुणी न सांगता त्यांना स्टूलच सापडलं होतं.

दार उघडलं, गिऱ्हाईक आलं. नाना उठले. पुरते.

खडूनं एक डोळा उघडला आणि मिटला. खुर्ची हलली नाही. इस्त्री जागच्या जागी. शिंपिणीनं हातातलं शिवण थांबवून खाली पाहिलं, मग इस्त्रीकडे पाहिलं, आणि पुन्हा टाका घातला.

गिऱ्हाइकाला समोर उभा माणूस दिसला. त्यानं हातातली विजार सरळ नानांच्या हातात दिली. "दोन बोटं आखूड. परवा पाहिजे."

"तुमची दोन बोटं की माझी?" नानांनी विचारलं.

गिऱ्हाइकानं विचार केला. "तुमची चालतील."

नानांनी विजार झटकली, शिवणीला शिवण लावून घडी केली आणि शिंपिणीच्या टेबलावर ठेवली. "दोन बोटं, बाई. परवा."

"बसा हो नाना," ती म्हणाली. "तुम्ही पाहुणे आहात."

पण नाना बसले नाहीत. निघायचंच होतं. ताई आणखी थोडा वेळ थांबणार होत्या. नानी खाली वाकल्या, खडूच्या कानामागं बोट फिरवलं, कमरेला हात लावून उठल्या. नाना वाकले नाहीत. त्यांनी हातानं पडून राहायची खूण केली, आणि दोघं बाहेर पडले. दार नानांनी नेहमीसारखं आवाज न करता लावलं.

कोपऱ्यावर नानींनी काळी पर्स दुसऱ्या हातात घेतली.

"अहो, त्यानं बघितलंसुद्धा नाही."

"बघितलं," नाना म्हणाले. "उठला नाही, एवढंच."